लाकडाचा भुसा आणि संगणक

सुताराच्या कामाच्या जागी संगणकाचे काय प्रयोजन, असा प्रश्न तीस-चाळीस वर्षांपूर्वी कोणी विचारला असता तर तो रास्त ठरला असता. करवत, रंधा, पटाशी, गिरमिट आणि कानावर खोचलेली पेन्सिल एवढ्या सामग्रीवर आपल्याकडील सुतारांनी पिढ्यानपिढ्या वाडे उभे केले, देव्हारे घडविले आणि पाळणे सजविले. परंतु आज लाकूडकामाच्या बऱ्याच कार्यशाळांत एका कोपऱ्यात संगणक बसलेला दिसतो. कपाटाचा आराखडा त्याच्यावर काढला जातो. आठ फूट लांब व चार फूट रुंद अशा प्लायवुडच्या तक्त्यातून तुकडे कोणत्या क्रमाने कापले असता कमीत कमी लाकूड वाया जाईल, याचा हिशेब तो क्षणार्धात करून देतो. आणि नक्षी कोरणारे यंत्र तर त्याच्या आज्ञेवाचून एक रेघही ओढीत नाही. या यंत्राची वंशावळ १९५२ पर्यंत मागे नेता येते. त्या वर्षी अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या संस्थेत, कागदी फितीवरील छिद्रांच्या रूपाने दिलेले आकडे वाचून धातू कापणारे यंत्र लोकांपुढे चालवून दाखविण्यात आले. पुढे फीत गेली व संगणक आला. धातूच्या जोडीला लाकूडही आले.

संगणक आला खरा, पण तो अशा जागी आला की जेथील हवाच त्याची वैरीण आहे. १९६० च्या सुमारास मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत ‘टिफ्रॅक’ हा संगणक कार्यान्वित झाला, तेव्हाचे संगणक स्वतंत्र दालनात, थंड केलेल्या हवेत, राजपुत्रासारखे राहत असत. त्यांचाच वंशज आता भुशाच्या ढिगाशेजारी बसून दिवसभर काम करतो. त्याचे रक्षण कसे करावे, हा प्रश्न वरवर पाहता किरकोळ वाटतो. तथापि त्याचा विचार करू लागले म्हणजे पदार्थविज्ञानातील कितीतरी गोष्टी त्यात हजेरी लावतात, आणि शेवटी प्रश्न केवळ यंत्राचा उरत नाही.

आपल्या बडोदे शहराचा लाकूडकामाशी आणि त्याच्या शास्त्राशी असलेला संबंध जुना आहे. श्रीमंत सयाजीराव महाराज (तिसरे) यांनी १८९० मध्ये कलाभवनाची स्थापना केली आणि त्याची धुरा प्रा. त्रिभुवनदास कल्याणदास गज्जर या रसायनशास्त्रज्ञाकडे सोपविली. गज्जर हे आडनावच मुळी सुतारी व्यवसायाचे. हातांनी करावयाचे काम आणि त्यामागील शास्त्र ही दोन्ही एकाच छपराखाली शिकविली जावीत, हा त्या संस्थेमागील हेतू होता. चित्रपटमहर्षी दादासाहेब फाळके हेही काही काळ तेथे शिकले. १९४९ मध्ये महाराजा सयाजीराव विश्वविद्यालय स्थापन झाल्यावर कलाभवन त्याच्या तंत्रज्ञान व अभियांत्रिकी विद्याशाखेच्या रूपाने पुढे चालू राहिले. गज्जरांची एक गोष्ट येथे सांगण्याजोगी आहे. मुंबईतील व्हिक्टोरिया राणीच्या संगमरवरी पुतळ्याला दामोदर चापेकर यांनी डांबर फासले, तेव्हा दगडाला इजा न होता तो डाग काढण्याचे काम इतरांना साधेना. ते गज्जरांनी आपल्या रसायनज्ञानाच्या बळावर करून दाखविले. लागलेला मळ काढण्यास रसायनशास्त्र उपयोगी पडते. मळ लागूच नये यासाठी मात्र पदार्थविज्ञानाकडे वळावे लागते, आणि आपला आजचा विषय तो दुसरा आहे.

बडोद्याहून सुमारे ४५ किलोमीटरवर संखेडा हे गाव आहे. तेथील लाखकाम केलेल्या लाकडी सामानास भौगोलिक मानांकन लाभले आहे, आणि तेथला झोपाळा किंवा बाजोट पाहिला नाही असे घर आपल्या शहरात विरळाच. तेथील खरादी, म्हणजे आपण मराठीत ज्यांना कातारी म्हणतो ते कारागीर, सागाचा तुकडा चरकावर फिरवीत पटाशीने उतरवितात, त्यावर कथलाच्या रंगाने नक्षी काढतात आणि लाखेची कांडी फिरत्या लाकडावर दाबून घर्षणाच्या उष्णतेनेच लाख वितळवून चढवितात. लाखेखालचे कथील मग सोन्यासारखे झळकते. आपल्या कोकणातील सावंतवाडीच्या खेळण्यांचा कातकाम हा असाच एक आधार आहे. या जुन्या कामात कचरा कमी होतो असे नाही. पटाशीखालून लांब कुरळे छिलके निघतात, रंध्याखालून कागदासारखे पापुद्रे निघतात, करवतीखालून जाडसर भुसा पडतो. परंतु हा सारा कचरा पायाशी पडतो. सायंकाळी झाडून गोळा केला की तो बंबाच्या किंवा चुलीच्या कामी येतो.

वेगाने फिरणारी विजेची करवत, कोरणारे यंत्र आणि विशेषतः घासून गुळगुळीत करणारे यंत्र यांनी हे चित्र पालटले. दात लहान झाले, वेग वाढला, आणि छिलक्याच्या जागी पीठ आले. लाकडाच्या तंतूंचा लगदा राळेने दाबून केलेले एमडीएफचे तक्ते कापताना तर केवळ पीठच निघते. कारण त्या तक्त्यात मुळात लांब रेषा शिल्लकच नसते. म्हणजे ज्या यंत्रयुगाने सुताराला संगणक दिला, त्याच यंत्रयुगाने त्या संगणकाला मारक अशी धूळही दिली. हातरंध्याच्या काळातील कचऱ्यात संगणक ठेवला असता तर त्याला फारसे भय नव्हते.

ही धूळ किती बारीक असते याची कल्पना यावी म्हणून एक माप ध्यानात ठेवू. मिलिमीटरचा हजारावा भाग म्हणजे एक मायक्रॉन. आपल्या डोक्याचा केस सरासरीने ७० मायक्रॉन जाड असतो. करवतीचा भुसा केसाहून जाड असतो; उलट घासकामाच्या धुळीत १० मायक्रॉनहून लहान असे असंख्य कण असतात. हे कण हवेतून किती वेगाने खाली येतात? पाण्याइतक्या घनतेचा गोल कण धरला आणि हवा अगदी निश्चल मानली, तर १०० मायक्रॉनचा कण सेकंदास सुमारे २५ सेंटिमीटर खाली येतो; टेबलाहून थोड्या वरच्या, म्हणजे दीड मीटर उंचीवरून जमिनीवर यावयास त्याला सहा सेकंद पुरतात. दहा मायक्रॉनचा कण सेकंदास अवघा ३ मिलिमीटर उतरतो, म्हणून त्याला आठ मिनिटांहून अधिक वेळ लागतो. एक मायक्रॉनच्या कणाला तेवढेच अंतर उतरण्यास सुमारे १२ तास लागतात! कणाचा व्यास दहापट कमी झाला की, अशा सूक्ष्म कणांच्या बाबतीत, उतरण्याचा वेग जवळजवळ शंभरपट कमी होतो, हा जॉर्ज स्टोक्स या शास्त्रज्ञाने दिलेल्या नियमाचा परिणाम. आणि कार्यशाळेतील हवा निश्चल कोठे असते? माणसाची ये-जा, पंखा, यंत्राचा झोत यांनी ती सतत ढवळली जाते. यास्तव सकाळी उडालेली बारीक धूळ रात्री दिवे मालवल्यावरही अधांतरीच असते. काम थांबले, आता यंत्रावर आच्छादन घालण्याची गरज नाही, असे समजणे म्हणूनच बरोबर नाही.

आता संगणकाच्या आत काय घडते ते पाहू. संगणकाचा मुख्य भाग विजेवर चालतो आणि चालताना तापतो. ही उष्णता बाहेर काढण्यासाठी त्याच्यावर धातूच्या पातळ पाकळ्यांचा एक जुडगा बसविलेला असतो व त्या पाकळ्यांमधून पंखा हवा खेळवितो. १२० मिलिमीटर व्यासाचा नेहमीचा पंखा तासाला सुमारे ८० घनमीटर हवा ओढू शकतो. ब्रिटनमध्ये कठीण लाकडाच्या धुळीसाठी आठ तासांच्या कामाची कमाल मर्यादा घनमीटरमागे ३ मिलिग्रॅम अशी घालून दिलेली आहे. आपली कार्यशाळा ती मर्यादा कशीबशी पाळते असे समजा. आठ तासांत पंख्याने ६४० घनमीटर हवा ओढली, म्हणजे तिच्याबरोबर जवळजवळ दोन ग्रॅम धूळ पेटीत शिरली. वर्षाचे ३०० दिवस धरले तर हा आकडा पाऊणे सहाशे ग्रॅमच्या घरात जातो. यातील पुष्कळशी धूळ दुसऱ्या तोंडाने बाहेर पडते हे खरे; तरी पाकळ्यांच्या फटींत, पंख्याच्या पात्यांवर आणि विद्युत्पुरवठ्याच्या डबीत जी उरते ती थोडी नसते. अर्ध्या किलोचा हा वार्षिक रतीब कोणते यंत्र फार काळ पचवील?

पाकळ्यांवर बसलेला भुसा हा पांघरुणासारखा असतो. लाकूड उष्णतेचे मंद वाहक आहे, म्हणून तर आपल्या कढईला लाकडी मूठ असते. भुसा त्याहूनही मंद, कारण त्याच्या कणांमध्ये हवा अडकलेली असते. पूर्वी बर्फाच्या लाद्या भुशात पुरून ठेवीत त्या याच गुणामुळे. म्हणजे बर्फ टिकविणारा हा पदार्थ आपण नकळत संगणकाच्या तापणाऱ्या काळजावर पसरतो. तापमान वाढले की आधुनिक संगणक प्रथम आपला वेग आपणच कमी करतो, आणि तेही पुरेसे झाले नाही तर जळून जाण्यापेक्षा बंद पडतो. कार्यशाळेतील संगणक ‘हल्ली मंद झाला’ अशी तक्रार ऐकू आली की दोष पुष्कळदा त्याच्या बुद्धीत नसून त्याच्या श्वासात असतो.

पावसाळ्यात यात आणखी भर पडते. लाकूड, मग ते तक्ता असो की धूळ, हवेतील ओल शोषून घेते. सापेक्ष आर्द्रता ३० टक्के असताना लाकडात त्याच्या कोरड्या वजनाच्या सुमारे ६ टक्के पाणी मुरलेले असते. आर्द्रता ९० टक्क्यांवर गेली की तेच प्रमाण सुमारे २० टक्क्यांवर जाते. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४० अंशांच्या वर चढतो तेव्हा जी धूळ कोरडी व निरुपद्रवी होती, ती आषाढात दमट होते आणि विजेच्या बारीक वाटांमध्ये नको त्या ठिकाणी पूल बांधते. दाराच्या चौकटी फुगून दरवाजे लागेनासे होतात तो हाच काळ. तेव्हा घरातील दार अडू लागले की संगणकाच्या धुळीची आठवण करावी.

माहितीचा साठा करणाऱ्या तबकडीबद्दल लोकांच्या मनात विशेष धास्ती असते. या फिरत्या तबकडीवर वाचणारे टोक प्रत्यक्ष टेकत नाही. हवेच्या पातळ थरावर ते तरंगते, आणि आजच्या तबकड्यांत हे अंतर मायक्रॉनच्या काही सहस्रांशांइतके अल्प असते. त्या मानाने एक मायक्रॉनचा कण म्हणजे रस्त्यात आलेला डोंगरच. परंतु नेमके म्हणूनच निर्मात्यांनी ही तबकडी बंद डबीत ठेवलेली असते, आणि बऱ्याच डब्यांना जे बारीक श्वासछिद्र असते त्यालाही आतून गाळणी असते. तेव्हा भुसा सहसा तेथे पोहोचत नाही. तापमान मात्र पोहोचते. ज्यात काहीच फिरत नाही असा नव्या प्रकारचा साठा वापरला तर हीही काळजी बरीच कमी होते. यंत्रात शिरलेल्या क्षुद्र वस्तूने मोठ्या गणकाला अडविल्याची प्रसिद्ध नोंद ९ सप्टेंबर १९४७ ची आहे. हार्वर्ड विद्यापीठात बांधलेल्या ‘मार्क दोन’ या गणकयंत्राच्या एका विद्युत्कळीत पतंग सापडला, आणि तेथील मंडळींनी तो रोजनिशीत चिकटवूनच ठेवला.

मग संगणक झाकूनच का ठेवू नये? आपल्या पूर्वजांनी पोथ्या रुमालात घट्ट बांधून धुळीपासून व कसरीपासून राखल्या. बडोद्याच्या प्राच्यविद्या मंदिरातील हस्तलिखिते आज अभ्यासकांच्या हाती येतात ती अशा जपणुकीमुळेच. परंतु पोथी आणि संगणक यांत एक मोठा भेद आहे. पोथी श्वास घेत नाही आणि तापत नाही. चालू संगणकावर कापड टाकणे म्हणजे धावून आलेल्या माणसाचे नाकतोंड बांधणे होय. कापडाचे आच्छादन हवे ते यंत्र बंद करून थंड झाल्यावर. तेव्हा मात्र ते अवश्य घालावे.

पेटीत बंद करण्याची कल्पना त्याहून बरी आहे, परंतु येथे सुताराचा पहिला विचार त्याला फसवितो. पेटी म्हटली की त्याच्या डोळ्यांपुढे लाकडाची पेटी येते, आणि लाकूड उष्णता बाहेर जाऊ देत नाही. पत्र्याची, चाळीस सेंटिमीटर लांब, रुंद व उंच अशी पेटी घ्या. तिच्या सहा बाजूंचे मिळून क्षेत्रफळ जवळजवळ एक चौरस मीटर होते. अशा पेटीचा पृष्ठभाग आतबाहेरच्या तापमानातील प्रत्येक अंशाच्या फरकामागे, दर चौरस मीटरला, ढोबळमानाने साडेपाच वॅट उष्णता बाहेर टाकतो. आत १०० वॅटचा संगणक चालत असेल तर पेटीतील हवा बाहेरपेक्षा सुमारे १८ अंशांनी अधिक तापेल. बाहेर ४२ अंश असताना आत ६० अंश! हे चालावयाचे नाही. पण आज २० वॅटवर चालणारे लहानखुरे, पंखाही नसलेले संगणक मिळतात, आणि आराखडे दाखविण्यास व यंत्राला आज्ञा देण्यास ते बहुधा पुरतात. तोच तेथे ठेवला तर वाढ चार अंशांहून कमी होते. म्हणजे बंद पेटी ही कल्पना चूक नव्हे. आत कोणाला बसवावयाचे याची निवड चुकते. पेटी चकचकीत ठेवू नये, तिला रंग द्यावा; घासून लखलखीत केलेला धातू उष्णता उत्सर्जित करण्यात कंजूष असतो आणि रंगविलेला पत्रा उदार असतो. झाकणाला रबराची पट्टी लावावी व तारा आत नेण्याची भोके नीट बुजवावीत. तयार पेट्या विकत घेताना त्यांवर ‘आयपी’ या अक्षरांपुढे दोन अंक छापलेले आढळतात. पैकी पहिला अंक धुळीसाठी असतो. तो ५ असेल तर अपाय होईल इतकी धूळ आत जात नाही, आणि ६ असेल तर मुळीच जात नाही; दुसरा अंक पाण्यासाठी आहे.

याहूनही सोपा आणि माझ्या मते सर्वांत शहाणपणाचा मार्ग म्हणजे संगणक कार्यशाळेत ठेवायचाच नाही. शेजारच्या खोलीत तो असावा, भिंतीतून फक्त तार यावी आणि यंत्रापाशी केवळ पडदा व कळफलक असावा. नेहमीची यूएसबी तार पाच मीटरपर्यंतच भरवशाची असते; जाळेजोडणीची तार मात्र शंभर मीटरपर्यंत जाऊ शकते, म्हणून खोली थोडी दूर असली तरी अडत नाही. कळफलकावर पारदर्शक पातळ आच्छादन बसविता येते. पडदा पुसताना मात्र एक सावधगिरी हवी. सागाच्या लाकडात वाळूचा घटक असलेली सिलिका थोड्या प्रमाणात असते. सागावर हत्यारांची धार लवकर जाते ती त्यामुळेच. असा भुसा कोरड्या फडक्याने काचेवर चोळला तर त्यावर ओरखडे उठण्याचे भय आहे. प्रथम मऊ ब्रशाने तो अलगद झाडावा व मग किंचित ओलसर मऊ कापडाने पडदा पुसावा.

जागेअभावी जेथे शक्तिमान संगणक कार्यशाळेतच ठेवणे भाग आहे, तेथे गाळणी हा उपाय उरतो. त्यातील युक्ती अशी की पेटीतून हवा बाहेर ओढणारा पंखा बसविण्याऐवजी गाळणीतून हवा आत ढकलणारा पंखा बसवावा. पहिल्या प्रकारात पेटीतील दाब बाहेरपेक्षा कमी होतो आणि प्रत्येक फट, प्रत्येक खिळ्याचे भोक धूळ आत ओढते. दुसऱ्या प्रकारात आतील दाब किंचित अधिक राहतो, आणि त्याच फटी हवा बाहेर फुंकीत राहतात. गाळणी जेवढी मोठी तेवढी चांगली. क्षेत्रफळ दुप्पट केले की तिच्यातून जाणाऱ्या हवेचा वेग निम्मा होतो, पंख्यावर ताण कमी पडतो आणि ती उशिरा तुंबते.

गाळणी म्हणजे बारीक चाळणी अशी आपली समजूत असते. पिठाच्या चाळणीचा नियम तेथे लागू असता तर कण जितका लहान तितका तो सहज निसटला असता. प्रत्यक्षात तंतूंच्या गाळणीतून सर्वांत सुलभपणे निसटतो तो ०.३ मायक्रॉनच्या आसपासचा कण; त्याहून मोठे तर अडकतातच, पण त्याहून लहानही अडकतात! मोठा कण आपल्या जडत्वामुळे वळण घेऊ शकत नाही व तंतूवर आदळतो. अतिलहान कणाला हवेचे रेणू चहूकडून धक्के देतात, तो दारूड्यासारखा झिंगत जातो आणि त्या भ्रमंतीत कोठे ना कोठे तंतूला चिकटतो. मधला कण मात्र हवेच्या प्रवाहाबरोबर चतुराईने वाट काढतो. रुग्णालयातील उत्तम गाळण्यांची परीक्षा म्हणूनच ०.३ मायक्रॉनच्या कणांवर घेतात. संगणकाला इतक्या उंची गाळणीची गरज नाही. साधी स्पंजाची वा दाट विणीची धुता येण्याजोगी गाळणी त्याला पुरते, मात्र ती वेळच्या वेळी साफ झाली पाहिजे. तुंबलेल्या गाळणीपेक्षा गाळणी नसलेली बरी, असे म्हणण्याची पाळी येते.

येथवर आपण संगणकाचीच चिंता वाहिली. पण वर केलेला हिशेब पुन्हा एकदा पाहा. पंख्याने दिवसाला ६४० घनमीटर हवा ओढली. त्याच आठ तासांत त्याच खोलीत काम करणारा माणूस सुमारे १० घनमीटर हवा छातीत घेतो. म्हणजे त्याच मर्यादेत राहूनही तो दिवसाला ३० मिलिग्रॅम, वर्षाला ९ ग्रॅम लाकूड हुंगतो. त्याला गाळणी बदलता येत नाही आणि झाकण उघडून झटकता येत नाही. फ्रान्समधील लियों येथील आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ मध्ये लाकडाच्या धुळीची गणना माणसात कर्करोग उत्पन्न करणाऱ्या पदार्थांत केली. नाक व त्यालगतच्या पोकळ्या यांचा कर्करोग त्यात मुख्य. दम्याचा त्रास तर त्याहून कितीतरी अधिक जणांना होतो. पन्नास हजारांचा संगणक काचेच्या दारामागे आणि चौदा वर्षांपासून करवत धरणारा कारागीर भुशाच्या ढगात, असे दृश्य जेथे दिसते तेथे हिशेब कोठेतरी उलटा मांडला गेला आहे.

म्हणून धूळ जेथे जन्मते तेथेच तिला पकडणे हा मूळ उपाय होय. त्याने माणूस आणि यंत्र दोघेही एकदमच वाचतात. करवतीच्या पात्याजवळ व घासयंत्राच्या तळाशी नळी जोडून धूळ ओढून घेतात. ही हवा प्रथम निमुळत्या नरसाळ्यासारख्या उभ्या पिंपात गोल फिरविली जाते. ताक घुसळताना रवीभोवती जसा भोवरा होतो तसा भोवरा तेथे होतो, जड कण भिंतीवर फेकले जातात आणि घसरत खालच्या डब्यात पडतात. उरलेली बारीक धूळ पुढच्या गाळणीत अडते. स्वस्त यंत्रांत या दुसऱ्या गाळणीच्या जागी नुसती विरळ कापडी पिशवी असते. ती मोठा भुसा गोळा करते आणि बारीक पीठ पुन्हा खोलीत सोडते. म्हणजे दिसणारी धूळ जाते व बाधणारी राहते. पिशवी फुगलेली पाहून समाधान मानणाऱ्यांनी तिच्यामागे उन्हाच्या तिरिपेत एकदा नजर टाकावी.

आणखी एका धोक्याचा उल्लेख केल्यावाचून पुढे जाता येत नाही. एक सेंटिमीटर बाजूच्या लाकडी घनाचे पृष्ठफळ ६ चौरस सेंटिमीटर असते. त्याचे १० मायक्रॉन बाजूचे घन केले तर त्यांची संख्या शंभर कोटी होते आणि एकूण पृष्ठफळ ६,००० चौरस सेंटिमीटर, म्हणजे हजारपट होते. ओंडका सावकाश जळतो, ढलपी भरभर जळते आणि हवेत दाट पसरलेली कोरडी बारीक धूळ ठिणगी मिळताच क्षणात पेटून स्फोट करते, याचे कारण हे वाढलेले पृष्ठफळ. कॅनडातील ब्रिटिश कोलंबिया प्रांतात २०१२ च्या जानेवारी व एप्रिल महिन्यांत लाकूड कापण्याच्या दोन गिरण्यांत असे स्फोट झाले आणि प्रत्येक ठिकाणी दोन कामगार मृत्युमुखी पडले. लहान कार्यशाळेत हवा सहसा इतकी दाट होत नाही. परंतु धूळ साठविणाऱ्या पिंपात ती होऊ शकते, आणि ढिल्या खटक्यातून व झिजलेल्या जोडणीतून ठिणग्या उडतच असतात. संगणकाचे विजेचे बटण भुशात बुडालेले असू नये, ते याही कारणाने.

राहता राहिली ती साफसफाई. दसरा-दिवाळीच्या आधी घर झाडण्याची आपली रीत चांगली आहे, पण कार्यशाळेतील संगणकाला ती पुरणारी नाही. महिन्यातून एकदा तरी त्याचा मान ठेवावा. विजेची तार काढून घेऊन तो उघड्यावर न्यावा आणि आत हात घालण्यापूर्वी त्याच्या धातूच्या सांगाड्याला स्पर्श करावा, म्हणजे अंगावरील स्थिर विद्युत निघून जाते. कोरड्या हिवाळ्यात तर हे विसरूच नये. हवेचा झोत मारताना पंख्याचे पाते बोटाने धरून ठेवावे. मोकळे सोडल्यास ते अनावर वेगाने फिरते आणि त्याचे धारवे बिघडते. कार्यशाळेतील रंगकामाच्या दाबयंत्राची हवा या कामी वापरण्याचा मोह अनेकांना होतो. तिचा जोर फार असतो आणि तिच्याबरोबर पाण्याचे व तेलाचे तुषारही येतात, म्हणून हातात धरण्याचा लहान फुंकणी-पंखाच बरा. तोंडाने फुंकणे हे तर दुहेरी वाईट; थुंकीचे शिंतोडे यंत्रावर आणि उडालेली धूळ आपल्याच नाकात. हे काम करणाऱ्याने नाकावर चांगली मुखपट्टी बांधावी, कारण वर्षभर संगणकाने जे आपल्यासाठी गोळा केले ते या पाच मिनिटांत परत हवेत येते. कार्यशाळेची जमीनही केरसुणीने खसखसा झाडू नये. झाडण्याने बसलेली धूळ उठते आणि वर सांगितल्याप्रमाणे तिला पुन्हा खाली यावयास रात्र पुरत नाही. शोषकयंत्राने ती ओढून घ्यावी, आणि ते नसेल तर ओला भुसा पसरून त्याच्यासकट झाडावी. बारीक धूळ त्या ओलसर भुशाला चिकटून निघून जाते.

गाळणी साध्या पाण्याने व थोड्या साबणाने धुऊन पूर्ण वाळवावी. पावसाळ्यात ती सावलीत दोन दिवसही वाळत नाही, आणि ओली बसविली तर पंखा तिची ओल सरळ आत ओढतो. तेव्हा पहिल्यापासूनच दोन गाळण्या घेऊन ठेवाव्यात. एक दोरीवर वाळत असताना दुसरी कामावर राहते.